तेरा, आठ, बारा आणि एक

४ फेब्रुवारी

आज मी बोलले. बाहेरच्या माणसासमोर, कोणी विचारलेलं नसताना. 

रिबीनवाले आले होते मावशीच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक खोली, दोन शेगड्या, मेणाची तीन पातेली आणि मी. रिबीनवाल्यांचं भेटवस्तूंचं दुकान आहे आणि ते दिसेल त्याला रिबीन बांधतात, म्हणून आमच्यात त्यांचं नाव तेच. गेल्या वर्षी त्यांनी आमच्या पाण्यावर तरंगणाऱ्या चपट्या चौकोनी मेणबत्त्या नेल्या होत्या. सगळ्यांची जाडी सारखी. डब्यात नऊ सेंटिमीटर बाजूच्या तीन आणि तीन सेंटिमीटरची एक. त्या वितळवायच्या आणि सहा सेंटिमीटरच्या साच्यात ओतायच्या, बरोब्बर सात होतात. लोकांनी उड्या मारून घेतल्या. ती मापं मी शोधली होती, पण ते रिबीनवाल्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं मामाने शोधली.

आज म्हणाले, "चपटं झालं जुनं. आता ठोकळे पाहिजेत. एका मापाचे तीन, दुसऱ्या मापाचे चार. सगळे वितळवले की तिसऱ्या मापाचे पाच. तीन, चार, पाच! डब्यावर काय देखणं दिसेल! आणि खाली लिहायचं, थेंबभर उरणार नाही, थेंबभर कमी पडणार नाही."

मावशी म्हणाली, "बघू." मावशीचं बघू म्हणजे नाही.

आणि मी म्हटलं, "सापडतील मापं."

मावशीची पळी हवेतच थांबली. रिबीनवाल्यांनी वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून.

मी का बोलले ते इथे लिहिते, कारण इथे कोणी वाचत नाही. मावशीने नंतर पातेलं ढवळत म्हटलं, "एवढं काम तीन घरांत नाही व्हायचं. तिघांना मिळून एखादा गाळा घ्यावा लागेल." तिघं म्हणजे मामा, आई आणि मावशी. आजोबा गेल्यावर भावंडांनी कारखाना वाटून घेतला. मामाने साचे नेले, मावशीने पातेली, आईने पॅकिंगचं टेबल आणि वातींची रिळं. तेव्हापासून तिघं एका खोलीत बसलेली नाहीत. मध्ये मी. सकाळी साचे इकडे, दुपारी मेणबत्त्या तिकडे, आणि निरोप सगळीकडे. मामा मला टपाल म्हणतो. निरोप मी जसेच्या तसे देत नाही. मावशी म्हणते, "त्या शहाण्याला सांग, साचा वाकडा आहे." मी मामाला सांगते, "मावशी विचारत होती, साचा एकदा बघशील का."

मापं सापडली तर गाळा. म्हणून बोलले.

५ फेब्रुवारी

दिवसभर ढवळताना चाळणी लावली. चाळणी हे मी ठेवलेलं नाव. नववीत बाईंनी बाकी शिकवली होती त्यातून निघालेलं.

कोणत्याही संख्येचा वर्ग घ्या आणि तीनने भागा. बाकी शून्य किंवा एक. दोन कधीच नाही. गेल्या वर्षी रिबीनवाल्यांनी आधी मागितलं होतं, दोन वेगळ्या मापांचे चौकोन वितळवून सारखे तीन. मी मामाला सांगितलं, जन्मात होणार नाही. तीन सारखे म्हटल्यावर बेरजेला तीनने भाग जायला हवा. दोन वर्गांच्या बाक्या शून्य किंवा एक, त्यांची बेरीज तीनने तुटायची तर दोन्ही शून्यच हव्यात. मग दोन्ही बाजू तीनच्या पटीत, मग तिसरीही तीनच्या पटीत. सगळ्यांना तीनने भागा, पुन्हा तेच. भागतच बसा, आणि कोणतीही संख्या तीनने कायम तुटत राहत नाही. म्हणजे अशी मापंच नाहीत. अपूर्णांकसुद्धा नाहीत, कारण अपूर्णांकांना सारखंच गुणलं की पूर्णांक होतात.

ही झाली चाळणी. तीनने पाहायचं, चारने, पाचने, सातने, नऊने, जेवढ्याने जमेल तेवढ्याने. एकानेही अडवलं तर मापं नाहीत. आणि चौकोनांच्या बाबतीत कोणीच अडवलं नाही तर मापं मिळतातच. मला आजपर्यंत एकदाही दगा झालेला नाही.

आता ठोकळे. बाजू तीनदा गुणायची. सातने भागलं तर घनाची बाकी शून्य, एक किंवा सहाच येते, म्हणजे अडवायला सात चांगला. पण तीन आणि चार मिळून सात, बाकी शून्य, पास! नऊ पास. तेरा मला वाटलं अडवेल, पण बाजू एक, चार आणि सात धरल्या की तेरासुद्धा पास.

कोणीच अडवत नाही. म्हणजे आहेत.

८ फेब्रुवारी

हार्डवेअरच्या दुकानावर एक गाळा रिकामा आहे. लांबट खोली, एक नळ, एक मोठी खिडकी. तिघांना वेगवेगळं नेऊन दाखवला. एकत्र ने म्हटलं असतं तर तिघंही आजारी पडली असती.

मामा: "झकास. मी कधी नाही म्हटलंय? त्या दोघींना विचार."

मावशी: "हवा चांगली आहे. मी तर तयारच आहे. दादाचं डोकं ठिकाणावर असेल तर."

आई बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली. मग म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही." आईच्या तोंडून हे म्हणजे हो.

तिघंही पास. घरी येताना मी जवळजवळ पळत होते.

१० फेब्रुवारी

सापडत नाहीत.

दोन, तीन आणि तीन धरलं तर एकशे बत्तीस, पाहिजे एकशे पस्तीस. पाच, चार, पाच: सहा जास्त होतात. शिवाय दोन मापं सारखी, डब्यात काय मजा.

११ फेब्रुवारी

वाती उलट्या ओवल्या. मावशी म्हणाली, "लक्ष कुठंय? कोणी मुलगा-बिलगा आहे का?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "असता तर बरं झालं असतं, त्याला हाकलता तरी आलं असतं."

रिबीनवाल्यांचा निरोप: छपाईवाला थांबलाय. महिना संपायच्या आत मापं द्या.

१२ फेब्रुवारी

सापडली!

तेरा, आठ, बारा.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

नाही सापडली. तेराचा घन दोन हजार एकशे सत्त्याण्णव, तिप्पट सहा हजार पाचशे एक्क्याण्णव. आठचा पाचशे बारा, चौपट दोन हजार अठ्ठेचाळीस. बेरीज आठ हजार सहाशे एकोणचाळीस. बाराचा एक हजार सातशे अठ्ठावीस, पाचपट आठ हजार सहाशे चाळीस.

एकोणचाळीस. चाळीस.

मी सकाळी चाळीस वाचलं होतं. मला चाळीस पाहिजे होतं म्हणून. पुन्हा गुणलं, पुन्हा गुणलं, उलटीकडून गुणलं. एकने कमी पडतं. एकने!

जेवले नाही. आई म्हणाली, "पोट बिघडलं का?" हो म्हटलं. सोपं उत्तर.

१३ फेब्रुवारी

मामाकडे साचे घ्यायला गेले. तो पत्रा घासत होता. सांगितलं. त्याने कानस खाली ठेवली आणि हसायलाच लागला.

"एक? म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरचं एक घर धरलं, तर अर्ध्या सेंटिमीटरचा एक ठोकळा कमी? अगं टपाल, एवढं तर पातेल्याला चिकटून राहतं! साडेसहा, चार आणि सहा सेंटिमीटर. आजच कापायला घेतो."

"पण डब्यावर लिहिणार आहेत, थेंबभर कमी पडणार नाही."

"मेण थंड होताना आकसतं, वर खळगा पडतो, तो भरावा लागतो. कोण मोजणार आहे? कोणाच्या बापाला कळणार नाही."

मावशी म्हणाली, "मेण आकसतं. कोणाला कळतंय?"

आई म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही. कोणाला सांगू नकोस म्हणजे झालं."

दोन वर्षांत पहिल्यांदा तिघांचं एकमत झालं. तेही एकमेकांना न भेटता.

मी गप्प बसले तर गाळा मिळतो. गप्प बसणं मला जमतं, जगात सगळ्यात चांगलं तेच जमतं. पण दुकानातून डबा नेणाऱ्यांत एखादी मुलगी असेलच, जी मेण वितळवण्याआधी गुणाकार करून पाहील. तिला कळेल. तिला वाटेल तिचंच चुकलं.

अजून खरी मापं असणारच. चाळणीतून सगळं पास झालंय. मोठ्या संख्यांत असतील. शोधते.

१६ फेब्रुवारी

मामा आणि मावशी म्हणाले, गाळ्याचं ठरवून टाकू, मापं तर आहेतच. मी काही बोलले नाही. आज तिघं एकत्र आली गाळ्यावर. मी चहा थर्मासमध्ये नेला होता.

मामा आत शिरला, थेट खिडकीकडे गेला आणि टेप लावली. "माझं टेबल इथं. साच्याची कडा उजेडाशिवाय दिसत नाही."

मावशी म्हणाली, "वा रे वा. आणि वाफ कुठून जाणार, तुझ्या नाकातून? शेगड्या खिडकीपाशीच पाहिजेत."

आई म्हणाली, "मला वाटलं होतं इथे मी बसेन." एवढंच. खूप हळू.

"ताई, तुला काय, कुठेही बसून वाती ओवता येतात," मावशी म्हणाली.

"कुठेही म्हणजे? दोन वर्षं जिन्याखाली बसतेय, तिथेच ना?"

"मी सांगितलं होतं का जिन्याखाली बस म्हणून?"

"टेबल तूच दारातून आत जाऊ दिलं नाहीस!"

मामा म्हणाला, "बायकांबरोबर धंदा म्हणजे..." आणि पुढचं त्याने गिळलं, पण उशिरा गिळलं. मावशी जिना उतरून गेली. मग आई. मामाने टेप गुंडाळली आणि मला म्हणाला, "बघितलंस? मी काही बोललो तरी का?"

मला कळतच नाही. तिघांनाही गाळा आवडला होता. मी स्वतः विचारलं होतं, एकेकाला. कुठे चुकलं? चहा तसाच परत आणला.

१७ फेब्रुवारी

तीन निरोप. एकही पोचवला नाही. गोड करून सांगण्यासारखं त्यांत काहीच नव्हतं.

१९ फेब्रुवारी

शाळेत गेले. सुटल्यावर, फाटकातली गर्दी संपू दिली. शाळा सोडली तेव्हापासून त्या गल्लीतून जात नव्हते. सोडली म्हणजे काही घडलं नव्हतं. उत्तर माहीत असायचं, उभं राहिलं की आवाज जायचा. एक दिवस वाटलं, जिथे उभं राहावं लागत नाही तिथे जावं. मेण ढवळताना कोणी नाव घेऊन उठवत नाही.

बाई एकट्याच फळा पुसत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू! मेणाचा वास येतोय." मी कागद पुढे केला. बोलण्यापेक्षा ते बरं.

त्यांनी कागद वाचला. चाळणीपाशी थांबल्या, पुन्हा वाचलं.

"हे कोणी सांगितलं तुला? सगळीकडून पास झालं की उत्तर असतंच, हे?"

"कोणी नाही. चौकोनांत नेहमी तसंच होतं."

"चौकोनांत नेहमी तसंच होतं, बरोबर. ते सिद्ध झालेलं आहे, तू आणि मी जन्मायच्या कितीतरी आधी. वर्गांची समीकरणं असली, की प्रत्येक बाकीला चालतं आणि मोजपट्टीवर कुठेतरी बसतं, एवढं पाहिलं तरी पुरे. अपूर्णांकांत उत्तर मिळतंच. हमी आहे." मग त्या बाकावर टेकल्या. "घनांना ती हमी नाही. आणि तू नेमकं तीन, चार, पाच उचललंस. हे त्याचंच गाजलेलं उदाहरण आहे गं. कशानेही भागून बघ, अडत नाही. तरी उत्तर नाही."

"मोठ्या संख्यांतही नाही?"

"कुठेच नाही. शून्य, शून्य, शून्य सोडून."

"शून्याच्या मेणबत्त्या रिबीनवाले घेणार नाहीत," मी म्हटलं. बाई इतक्या हसल्या की डस्टर पडलं.

मी विचारलं, "सगळे हो म्हणतात, तर मग नाही कसं?"

"सगळे हो म्हणतात, पण एकाच उत्तराला नाही. सातला चालतं ते उत्तर वेगळं, तेराला चालतं ते वेगळं. प्रत्येकाच्या मनात आपापलं. ते एकच असायला हवं, अशी जबरदस्ती घनांवर नाही."

"मग वर्गांवर का आहे?"

त्यांनी खुर्ची ओढली. "हे आता बरोबर विचारलंस. बस. एका दिवसात नाही व्हायचं, पण बस."

मी उभीच होते, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खूप वेळ उभी होते आणि बोलत होते.

२० फेब्रुवारी

म्हणजे माझा शब्द खोटा ठरला. आयुष्यात एकदा न विचारता बोलले, तो.

बाईंनी सांगितलेलं पुन्हा आठवत होते. मामा साचे कापतोय. पत्र्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. दारातूनच परत आले.

२१ फेब्रुवारी

तिघांना निरोप दिला. उद्या सकाळी मावशीच्या कारखान्यात या, रिबीनवाले पण येणार आहेत. मामाने विचारलं, "कोणाचा निरोप?" मी म्हटलं, "माझा." तो बघतच राहिला. मग म्हणाला, "येतो." आईनेही तेच विचारलं. मावशीने तर कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का.

रिबीनवाल्यांना टेलिफोन केला. त्यांनी तीनदा "कोण?" विचारलं.

२२ फेब्रुवारी

चार माणसं, मी आणि शेगडी चालू. बसायला जागा नव्हती म्हणून भांडणालाही नव्हती. मामा दाराशी, आई पोत्यांवर, रिबीनवाले एकुलत्या एका स्टुलावर.

मी पातेल्याकडे बघत बोलले. "तीन, चार, पाचची मापं नाहीत. कधीच मिळणार नाहीत. मी सापडतील म्हटलं होतं, ते चुकलं."

मामा म्हणाला, "अगं पण तेरा, आठ..."

"एकने कमी पडतं, मामा."

"झालं! मी साचे कापलेत!"

मावशी म्हणाली, "तरी मी म्हणत होते, पोरीच्या शब्दावर..."

"तू कधी म्हणत होतीस?" आई म्हणाली. "तू म्हणालीस मेण आकसतं."

"ताई, तू पण म्हणालीस कोणाला सांगू नको!"

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?" रिबीनवाले उभे राहिले. स्टूल पडलं.

तेव्हा मी जोरात बोलले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "एकने कमी पडतं तर एक टाकू! तेराचे तीन, आठचे चार आणि एकचा एक. मग बाराचे बरोब्बर पाच. खरंच बरोब्बर. कोणीही गुणून बघा."

मामाच्या खिशातून अर्ध्या सेंटिमीटरचा ठोकळा निघाला, पत्र्याचा, मापासाठी ठेवलेला. त्याने तो रिबीनवाल्यांच्या तळहातावर ठेवला.

"एवढासा?" ते म्हणाले. "याला रिबीन कशी बांधू?"

"याला वातही बसणार नाही," आई म्हणाली. "जळणार नाही तो. मग ती मेणबत्ती कसली?"

"मेणबत्ती नाही. तो फक्त बेरीज पुरी करतो," मी म्हटलं.

 रिबीनवाले तळहात उजेडाकडे धरून बघत होते. "तीन, चार आणि एक," ते पुटपुटले. "खाली पाच. डब्यावर... हा हरवला तर?"

"तर कमी पडेल," मावशी म्हणाली.

"हेच छापतो," रिबीनवाले म्हणाले. "हा हरवला तर कमी पडेल. लोक जिवापाड जपतील!"

ते गेल्यावर तिघं उठलीच नाहीत. मामा म्हणाला, "गाळ्याचं काय करायचं? खिडकी मला नाही दिली तरी..." आणि मावशीने तोंड उघडलं, आणि आईने पदर नीट केला, आणि मला वाटलं आता सुरू.

"खिडकी कोणालाच नको," मामा म्हणाला. "एवढासा ठोकळा ओतायचा म्हणजे उजेड लागेल. टपाल बसेल तिथे."

"चालेल," मावशी म्हणाली.

"माझं काही म्हणणं नाही," आई म्हणाली.

मला नकोच होती खिडकी. खिडकीत बसलं की रस्त्यावरचे सगळे बघतात. पण कोणी विचारलं नाही.

१ मार्च

सामान हलवलं. नळावरून सुरू झालंय. कोणाची बादली आधी.

चौथा, एकचा साचाही माझ्याकडेच ठेवायचं ठरलं. कोणा एकाकडे ठेवला तर बाकीच्या दोघांना ते सहन होणार नाही म्हणे.

संध्याकाळी बाईंकडे गेले. अजून वर्गांवरच आहोत.

५ मार्च

आज पहिला डबा करून पाहिला. तेराचे तीन मांडले, आठचे चार मांडले. मी एकचा एक चिमट्याने उचलला आणि तो निसटला. टक् करून वाजलासुद्धा नाही.

"हलू नका कोणी!" मावशी ओरडली. "पायाखाली जाईल!"

मामा गुडघ्यांवर बसला. "छोटी, तुझी शेगडी सरकव."

"आधी तू तुझं पोट सरकव. ताई, टेबलाखाली बघ."

"बघतेय. दादा, तुझ्या चपलेला चिकटला नाही ना?"

"चपला बाहेर आहेत माझ्या. हे काय? नाही, भाताचं शीत आहे. कोण जेवलं इथं?"

"तूच!"

आई हसली. मला आठवत नाही आई शेवटची कधी हसली होती. तिघांची डोकी टेबलाखाली एकमेकांवर आपटत होती. मामा म्हणाला, लहानपणी मावशीचा दुधाचा दात असाच शोधला होता, आणि मावशी म्हणाली, तो तूच पाडला होतास, आणि आई म्हणाली, शोधला तर मी होता.

ठोकळा माझ्या बाहीच्या घडीत होता. पडला तेव्हाच मला दिसला होता.

सांगायला हवं होतं. आवाजही होता. पण थोडा वेळ मी बोललेच नाही.